दारामागचे डेंगळे

गुरुवारी सकाळी थेल्मा चार्लटनने टेकडीवरच्या भाड्याच्या मळ्यांचं फाटक ढकललं, ती आत आली आणि रोजच्यासारखी आपल्या मटारांकडे न जाता वाटेतच थबकली. शेजारच्या तुकड्याच्या कोपऱ्यात एक पिवळी खुंटी ठोकलेली होती. जेमतेम वीतभर, नुकताच रंग दिलेली, आणि रंग अजून ओला असावा, कारण तिला एक बारकं चिलट चिकटून फडफडत होतं. काल संध्याकाळी खुंटी नव्हती. पिवळ्या खुंटीचा अर्थ या टेकडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ज्याच्या तुकड्यात भाजीपेक्षा तण जास्त, त्याच्याकडे गुरुवारी खुंटी यायची, रविवारी सकाळी मळ्यांच्या कमिटीची फेरी निघायची, आणि तोवर जमीन निम्मी तरी हाताखालची दिसली नाही, तर तुकडा रांगेतल्या पुढच्या माणसाचा. आणि हा तुकडा होता आयझॅक हेस्लपचा. हेस्लपची कंबर वसंतातच कुरकुरायला लागली होती, आणि जूनमध्ये तो घरच्या जिन्यावरून पडला. तेव्हापासून तो लेकीकडे, डोरीनकडे, पलंगावर होता. त्याच्या जमिनीवर आता कमरेएवढं रान माजलं होतं आणि त्यावर फुलपाखरांचं लग्न चाललं होतं. थेल्माने मटारांना पाणी घातलं, एकही शेंग न चाखता झारी उपडी ठेवली आणि बस पकडायला उतारावरून निघाली. फाटकापाशी आपण तीनदा मागे वळून बघितल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि त्याचा तिला राग आला.

राग कुणाचा, हे मात्र तिला नीट कळेना. खुंटी ठोकणाऱ्या गाऊलंडचा म्हणावा, तर तो बिचारा कमिटीचा अध्यक्ष, नियमाचा बांधलेला. म्हाताऱ्याचा म्हणावा, तर तो काय हौसेने जिन्यावरून पडला होता? दिवसभर ती गेट्सहेडच्या मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या काउंटरमागे उभी होती. बायकांचे हात आपल्या हातात घेऊन एकेका बोटावरून कातडं खाली ओढत होती, "मॅडम, जरा मूठ वळून बघा" म्हणत होती, आणि मनात तिच्या सारखं ते दार येत होतं. हेस्लपच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला, भिंतीसारखी, जुन्या घरांची दारं एकाला एक लावून उभी केलेली होती. नदीकाठच्या गल्ल्या पाडल्या तेव्हा टेकडीवरच्या निम्म्या माणसांनी ढकलगाड्यांवरून दारं वर आणली आणि त्यांची कुंपणं केली. त्या दारांमागे हेस्लपचे लीक वाढायचे. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. पण हेस्लपचा लीक मनगटाएवढा नव्हे, दंडाएवढा जाड व्हायचा, आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात क्लबातल्या टेबलावर पांढऱ्या फडक्यावर असा निजायचा की बघणारे टोप्या काढायचे. मधल्या एका दाराला पत्र टाकायची, पितळी झापडाची फट होती. सात वर्षांपूर्वी, थेल्माला तिचा तुकडा मिळाला त्या पहिल्याच उन्हाळ्यात, ती वाकून बीटरूट विरळ करत असताना मागून आवाज आला होता, "पोरी, उपटतेयस ते बीट आहे, आणि ठेवतेयस ते गवत." तिने मागे बघितलं तर माणूस कुठेच नाही. फक्त दाराच्या फटीत दोन निळे डोळे.

त्या डोळ्यांनी तिला सात उन्हाळे छळलं. एक्कावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं आता जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. "पोरी, ते वाटाणे आहेत की वाळत घातलेले मोजे?" "पोरी, तुझ्या कोबीत गोगलगायींची जत्रा भरलीय, तिकीट लाव." तिने एकदा चिडून म्हटलं होतं, "मिस्टर हेस्लप, तुमचं तुम्ही बघा." तर म्हणाला, "माझं मी बघतोच. तुला दिसत नाही, हे तुझं दुखणं." आणि खाड्कन पितळी झापड पडलं. तो नेहमीच असं करायचा. शेवटचा शब्द त्याचा, आणि लगेच झापड. थेल्माला बसमध्ये बसल्यावर, अर्ध्या वाटेवर, सणसणीत उत्तर सुचायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते शिळं झालेलं असायचं. आता सहा आठवडे झापड बंद होतं. पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं, मोकळं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पावट्याची वेल चुकीच्या बाजूने काठीला गुंडाळली आणि वाट बघितली. कुणी काही बोललं नाही. वेल आपली आपण सुटून योग्य बाजूने गेली. त्या वेळी आपल्याला रडू का येतंय असं तिने स्वतःला विचारलं नव्हतं. आज काउंटरमागे विचारलं, आणि उत्तर सोपं निघालं. तो तुकडा दुसऱ्याचा झाला, तर त्या फटीतून पुन्हा कधी कुणी बोलणार नाही. एवढीच गोष्ट होती, पण तिच्यासाठी ती एवढीशी नव्हती.

संध्याकाळी वाटेवर गाऊलंड भेटला. खिशात हातोडा, हनुवटीवर पिवळ्या रंगाचा ठिपका.

"मिस्टर गाऊलंड, म्हातारा आजारी आहे."

"मला माहीत नाही होय? मी स्वतः द्राक्षं घेऊन जाऊन आलो. ती पण त्याने नावं ठेवत खाल्ली." गाऊलंडने टोपी मागे सारली. "पण वसंतापासून कुदळ लागलेली नाही तिथे. खालच्या गल्लीतली पोरंबाळं असलेली माणसं रांगेत आहेत, बाई. ती मला विचारतात. मी काय सांगू?"

"आणि समजा रविवारी साफ दिसलं तर?"

"कोण करणार साफ? तो माणूस कुणाला पाय ठेवू देतो का आत?" मग जरा थांबून, दुसरीकडे बघत तो म्हणाला, "दारांच्या मागेही बघावं लागेल मला. नुसतं पुढून झाडून चालणार नाही. हे आपलं मी सहज बोललो."

या टेकडीवर दुसऱ्याच्या तुकड्याच्या कडेला असलेली फळी ही लक्ष्मणरेषा होती. फळीवरून सल्ला द्यावा, टोमणा मारावा, जास्तीची काकडी ठेवून पळून जावं. पाय मात्र टाकू नये. थेल्माने सात वर्षांत टाकला नव्हता. शुक्रवारी पहाटे, उन्हं नुकती नदीवरच्या क्रेनच्या टोकांना लागली होती, तेव्हा ती त्या फळीपाशी उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं, आणि एखादी कुलीन बाई दारूच्या गुत्त्यात शिरावी तशी आत शिरली. पायाखाली जमीन वेगळी लागली. मऊ, काळी, खोल. साठ वर्षं कुणीतरी हिला खाऊ घातलं होतं. आणि हिने ते सगळं आता तणाच्या तोंडी घातलं होतं. चाकवत तर छातीला लागत होता, पिठूळ पानांचा, तोऱ्यात. त्याला धरून ओढलं तर मुळांसकट असा अलगद वर आला की थेल्मा मागच्या मागे बसली. दव तिच्या मानेवर पडलं. ती मोठ्याने हसली, मग तोंडावर हात ठेवला, आणि त्या हाताची माती ओठांना लागली. मग तिने मागेपुढे बघितलं नाही. चाकवत, त्याच्या खालची नाजूक पांढऱ्या फुलांची जाळी, त्याच्या खाली आग्या. आग्याने मनगटावर फोड उठवले तेव्हा तिने सवयीने शेजारचं रुंद पान चुरगळून त्यावर चोळलं आणि चोळता चोळताच दुसऱ्या हाताने पुढचं झुडूप उपटलं. स्वतःच्या तुकड्यातलं तण काढणं हे भांडी घासण्यासारखं असतं, आज ना उद्या करायचंच. दुसऱ्याचं तण काढण्यात चोरीची गोडी होती. ती गोडी तिच्या खांद्यांत उतरली, पाठीत उतरली, आणि बसची वेळ झाली तेव्हा तिला कुणीतरी खेळातून हाक मारून घरात बोलावल्यासारखं वाटलं.

खरा वैरी चांदवेल होती. पांढरी भोंग्यासारखी फुलं, दिसायला निरागस, आणि खाली जमिनीत शेवयांसारख्या पांढऱ्या मुळांचा गुंता. यातलं बोटाच्या पेराएवढं मूळ जरी तुटून राहिलं, तरी पंधरवड्यात तिथून नवी वेल डोकं वर काढणार. खाली राहणाऱ्या एका हौशी माणसाने एकदा भाड्याने यंत्र आणून सगळा तुकडा नांगरून काढला होता. त्याला वाटलं तण मेलं, आणि तणाला वाटलं आपली पेरणी झाली. हेस्लप त्या दिवशी इतका हसला होता की झापड बंद करायचं विसरला. "ओढायचं नाही, पोरी," तो म्हणाला होता, "ओढलं की तुटतं. बोटं आत घालायची आणि बोलवत बोलवत बाहेर आणायचं." शनिवारी दुकानात तिने डोकेदुखीचा निरोप पाठवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि दिवसभर गुडघ्यांवर बसून ती चांदवेलीची मुळं बोलवत बसली. एक मूळ तर हातभर, मग दोन हात, मग फळीखालून वळून पुन्हा इकडे, कुठेही न तुटता तिच्या मांडीवर गोळा होत गेलं, आणि शेवटचं टोक सुटलं तेव्हा तिला वडील आठवले. खाणीतून आल्यावर ते मागच्या फरसबंद अंगणात बसायचे. माती तिथे नावालाही नव्हती. दोन फरश्यांच्या फटीत पिवळ्या फुलांचं एक क्षुद्र तण उगवायचं, ते खुडून ते पिंजऱ्यातल्या कॅनरीला द्यायचे, आणि पुढचं उगवेपर्यंत त्या फटीत कपातला उरलेला चहा ओतायचे. आई म्हणायची, घाण वाढवतोय नुसती. वडील म्हणायचे, माझा मळा आहे तो. आता त्यांची मुलगी दुसऱ्याच्या मळ्यात बसून बादलीभर मुळं पाण्यात बुडवत होती, नखं काळी, गुडघे हिरवे, आणि हे त्यांना दाखवायला हवं होतं असं तिला इतकं वाटलं की तिने ते मोठ्याने सांगूनच टाकलं. एक रॉबिन पक्षी खुरप्याच्या दांड्यावर बसून ऐकत होता. संध्याकाळपर्यंत तणाखालून हेस्लपच्या गूजबेरीची चार झुडपं निघाली, आंबट दांड्यांचा एक र्‍हुबार्ब निघाला, आणि आपोआप उगवलेल्या बटाट्यांची एक ओळ निघाली, इतकी सरळ की जणू तेही त्याला घाबरून रांगेत उभे होते.

उरली होती दारं. दारांमागे जाणं म्हणजे फळी ओलांडण्याच्याही पलीकडचं. या गावात माणूस माणसाला मारतो तेव्हा लोक कारण विचारतात. पण प्रदर्शनाच्या आधी दुसऱ्याच्या लीकवर सुरी चालवणाऱ्याचं कारण कुणी विचारत नाही. त्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या मुलांशी बंद, क्लबात तो बसला की बाक रिकामं. म्हणून तर मधल्या दाराला कुलूप. किल्ली कुठे असते हे थेल्माला माहीत होतं, र्‍हुबार्बवर झाकायच्या मातीच्या मडक्याखाली, आणि हेस्लपला माहीत होतं की तिला माहीत आहे. त्याने जागा कधी बदलली नव्हती. यावर ती शनिवारी रात्री अंथरुणात बराच वेळ विचार करत राहिली. रविवारी सकाळी चर्चच्या घंटा सुरू व्हायच्या आत तिने मडकं उचललं.

आत पाऊल टाकून दार मागे लोटलं आणि ती तशीच उभी राहिली. दार उलटं बसवलेलं होतं. गल्लीकडची बाजू आत. बाहेरून सात वर्षं तिला नुसतं उघडं लाकूड दिसत आलं होतं. आतून गडद हिरवा रंग होता, वर पितळी चौदा आकडा, आणि फटीचं पितळी झापड घासूनपुसून लख्ख. सहा आठवड्यांची धूळ सोडली तर लख्खच. म्हाताऱ्याने आपलं घर पाडलं गेलं तेव्हा पुढचं दार वर आणलं आणि असं लावलं, की तो मळ्यात असला म्हणजे आपल्याच घरासमोर, गल्लीत उभा असावा. थेल्माने बाहीने आकडा पुसला. मग ती कामाला लागली. लीकचे खोल चर यंदा रिकामेच होते, कंबरेने लावूच दिले नसावेत, आणि त्यांत तण भरलं होतं. ते तिने भराभर काढलं. पण शेवटच्या कोपऱ्यात दोन लीक उभे होते आणि दोघांनाही डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले होते. साधेसुधे नव्हेत, तिच्या डोक्याच्या वर गेलेले, आणि टोकाला मुठीएवढे फिकट जांभळे फुलांचे गोंडे. आता कुठल्याही मळेवाल्याला विचारा, डेंगळा म्हणजे काय? डेंगळा म्हणजे मालकाचं लक्ष नव्हतं. डेंगळा म्हणजे भाजी वाया. गाऊलंड फटीतून बघणार, सगळं साफ बघणार, आणि नेमके हे दोन लंबूटांग दुर्लक्षाचे झेंडे हलवत उभे असणार. उपटायला तिचा हात धजला नाही, लीक शेवटी लीक आहे. पण फुलं तरी उतरवावीत. तिने शेडच्या भिंतीवरची कातर काढली, डेंगळा हळूच वाकवला आणि डावीकडच्या गोंड्याची फुलं सगळीकडून कातरून टाकली. कातर छान धारदार होती. मधमाश्या कुरकुरत उठल्या. खाली जांभळा सडा पडला आणि वर दाढीच्या ब्रशासारखे खुंटलेले देठ राहिले. दुसऱ्या गोंड्याकडे हात नेताना तिला ती चिंधी दिसली.

मऊ फ्लॅनेलची पट्टी. डेंगळा बाजूच्या काठीला त्या पट्टीने बांधलेला होता, दांड्याला काच बसू नये म्हणून आठाच्या आकड्यात वळवून, वर दुहेरी गाठ. डावीकडच्यालाही तशीच, पानांच्या मागे झाकलेली. वाया गेलेल्या लीकला कुणी फ्लॅनेल बांधत नाही. हे राखलेले होते. थेल्माच्या हातातली कातर एकाएकी जड झाली. एकदा कधीतरी, पाऊस पडत असताना, टोमणे मारायचा कंटाळा येऊन हेस्लप फटीतून म्हणाला होता, "माझे लीक दुकानातून येत नाहीत, पोरी. बापाकडून आलेत. दरवर्षी त्याच आईची पोरं." हीच ती आई. चर रिकामे होते, म्हणजे यंदाची पोरं नव्हतीच. साठ-सत्तर वर्षं चालत आलेला वंश या दोन दांड्यांवर उभा होता, आणि त्यातल्या एकाचं मुंडकं तिने छाटलं होतं. लीकवर धार चालवणारी माणसं कशी असतील याचा तिने कधीमधी विचार केला होता. ती अशी असतात. टापटिपीची. तिला एकदम आईच्या स्वयंपाकघरातली तपकिरी चहाची किटली आठवली. ती नऊ वर्षांची होती, घरात कुणी नव्हतं, आणि सगळ्यांना आनंद व्हावा म्हणून तिने किटली सोडा घालून आतून घासली होती, वर्षानुवर्षांचा काळा थर निघून पांढरीफेक होईस्तोवर. वडिलांनी पहिला घोट घेतला. कपात बघितलं. आईने किटलीचं झाकण उचललं आणि ती खुर्चीवर बसली. कुणी ओरडलं नाही. वडील फक्त म्हणाले, "बरं. पुन्हा सुरुवात करू या." आणि पुढे महिनाभर ते तो बेचव चहा तक्रार न करता पीत राहिले, ते तिला मारापेक्षा जास्त लागलं होतं. पण किटलीला पुन्हा थर चढला. याला काय चढणार होतं? मन चांगलं नसतं. मन म्हणालं, दांडा खालून मोड, वाऱ्याने पडला म्हण, कंपोस्टात पुर. म्हातारा परत येईलच असं कुठे आहे? तिने दांड्याला हात लावलाही. तो ताठ होता, गार होता, आणि आत पाणी वाहत असल्यासारखा जिवंत होता. तिने हात काढून घेतला.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं, चाकाची खुर्ची खडखडली, आणि थोड्या वेळाने फटीतून काठीचं रबरी टोक आत आलं. झापड वर उचललं गेलं. मागोमाग दोन निळे डोळे.

"कोण आहे आत?"

"मी. थेल्मा."

"ते दिसतंय. हातात काय आहे?"

"कातर."

बाहेरून डोरीनचा आवाज आला, "बाबा, खुर्चीवर नीट टेकून बसा बघू. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डोरीन, गाडीतून माझी घोंगडी आण."

"एवढ्या उन्हात?"

"आण म्हणतो ना." पावलं दूर गेली. डोळे फटीतून हलले नाहीत. सात वर्षं थेल्मा त्या डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला होती. आज ती आत होती आणि ते बाहेर.

"मी कापलं, मिस्टर हेस्लप. डावीकडचं. कमिटी बघेल म्हणून... मला वाटलं वाया गेलंय. चिंधी नंतर दिसली. मी मुद्दाम नाही केलं, पण केलं मीच."

झापड काठीवर थरथरत राहिलं.

"किती खाली कापलंस?"

"फुलंच फक्त. देठ आहेत. ब्रशासारखं दिसतंय."

"बाजूला हो."

ती बाजूला झाली. एक डोळा फटीला चिकटला, मग दुसरा. चर्चची घंटा वाजून थांबली.

"आणि उजवीकडचं?"

"त्याला हात नाही लावला. देवाशपथ."

"का?"

"का म्हणजे?"

"का नाही लावला? अर्धी दाढी करून न्हावी पळून जातो का, पोरी?"

थेल्माला कळेना आपण काय ऐकतोय. आवाज खाली आला, फटीपुरता. "फुलं ठेवली की बी धरतं. बी म्हणजे भलत्याच बापाचं पोर, त्याचा भरवसा नाही. फुलं उतरवली की त्याला राहवत नाही. त्याच जागी हिरवी पिल्लं फुटतात, हुबेहूब आईसारखी. बापाने मला दाखवलं तेव्हा बायबलवर हात ठेवून घेतला होता माझा. म्हणून तर दारं." त्याने श्वास घेतला. "ते याच आठवड्यात करायला हवं. मी पलंगावर पडून छताकडे बघत होतो, आज उमललं असेल, उद्या उशीर होईल. सांगणार कुणाला? डोरीनला सांगितलं की रात्री ते जावयाच्या उशीवर पोचलं. आणि जावई नदीपलीकडच्या क्लबाचा. त्यापेक्षा वंश बुडालेला बरा, असं म्हणत होतो मी. म्हणत होतो आपलं. झोप काही येत नव्हती."

थेल्मा मटकन चराच्या कडेवर बसली. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला गेली तर सगळ्या तोंडाला जांभळी फुलं लागली.

"बसतेस काय? ऊठ. गाऊलंड येतोय खालून."

तिने उजवीकडचा गोंडा हातात घेतला. "वरून सुरू कर. गोल फिर. घाई नाही. देठ अर्ध्या बोटाएवढे ठेव. हां. मधमाशी उठू दे, तिचं काम तिला करू दे." फटीतून येणारा आवाज आणि कातरीचा आवाज, दुसरं काही नव्हतं. तिचे हात बिनचूक चालले. नाजूक कातडं हाताळायची त्यांना सवय होती. शेवटचं फूल पडलं तेव्हा बाहेर बुटांचे आवाज आले.

"सुप्रभात, हेस्लप," गाऊलंड म्हणत होता. "हे सगळं... म्हणजे पुढचं तर आरशासारखं आहे. आत बघायला लागेल मला."

"आत कुणी बघायचं नाही. आत माझी भागीदार काम करतेय."

"भागीदार?"

"अर्धा तुकडा तिचा. अर्धं नियमात बसतं ना?"

"बसतं. पण तिने हो म्हटलंय का?"

"मला विचारलंय कुणी?" थेल्मा आतून म्हणाली.

काठी मागे गेली, झापड पडलं, पुन्हा उचललं गेलं. "आता विचारतोय," हेस्लप म्हणाला, आणि तिने तो आवाज त्याच्याकडून याआधी कधी ऐकला नव्हता. "पिल्लं हिवाळ्यात उतरवायची असतात. मला वाकता येणार नाही. निम्मी तुझ्या जमिनीत लाव. एक अट. प्रदर्शनात मला हरवायचं नाही."

"पहिलं कबूल," थेल्मा म्हणाली. "दुसऱ्याचं बघू."

गाऊलंडला खोकला आला. त्याच्यामागची कमिटीही खोकली. खुंटी उपटल्याचा ओला आवाज झाला. "ती इकडे आण," हेस्लप म्हणाला, आणि फटीतून पिवळी खुंटी आत आली, टोकाला काळी माती. "उजवीकडची काठी बुडाशी हलतेय. ही तिथे ठोक. आणि फ्लॅनेल पुन्हा बांध. आठाचा आकडा. गाठ दुहेरी."

थेल्माने खुंटी काठीच्या बुडाशी रोवली, टाचेने दाबली, पट्टी वळवून दुहेरी गाठ मारली. दोन्ही डेंगळे बोडक्या डोक्यांनी उन्हात उभे होते. फटीत डोळे तसेच होते, गाठ बघत.

"घट्ट झाली असेल," आवाज आला.

"मिस्टर हेस्लप," ती म्हणाली, "माझी गाठ बघण्याआधी आपल्या बुटाची नाडी बघा. सुटलीय."

डोळे खाली गेले. आणि ते वर यायच्या आत थेल्माने काठीचं टोक बोटाने बाहेर ढकललं आणि लख्ख पितळी झापड खाड्कन पाडलं.